एक डाव, सर्व्हर येईपर्यंत

"सर्वर यायना आन् सर वर बघंना," असं एका आजीनं भर रांगेत जाहीर केलं, तेव्हा आम्ही अकरा जण खाली माना घालून हसलो. सरांनी तरीही वर पाहिलं नाही. त्यांच्या पडद्यावर एक पिवळा गोळा तोंडाची उघडझाप करत पळत होता आणि त्याच्या मागं चार भुतं लागली होती. अशा वेळी माणूस वर बघेल कसा?

धाराशिव जिल्ह्यात तालुके आठ. त्यातला कुठलाही घ्या, कळंब, भूम, वाशी, परंडा. तहसीलसमोर झेरॉक्स, चहा आणि स्टॅम्पव्हेंडर यांच्या रांगेत एक अरुंद गाळा असतोच. दारावर सातबारा, आठ-अ, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, पॅन, लॅमिनेशन आणि 'पासपोर्ट फोटो पाच मिनिटांत' असं एका दमात लिहिलेलं असतं. आत तीन संगणक. एक चालू, दुसऱ्याचं 'थोडं काम हाय', आणि तिसऱ्यावर घातलेलं प्लास्टिकचं कव्हर काढलेलं कुणी पाहिलेलं नाही. चालू असलेल्यावर सर बसतात. आईबापानं ठेवलेलं नाव त्यांना आहे, पण ते फक्त पावतीवर दिसतं. वीस वर्षांपूर्वी कधीतरी त्यांनी एमएस-सीआयटीच्या दोन बॅचा शिकवल्या, तेव्हापासून ते सर. आमच्याकडं ज्यानं एकदा खडू किंवा माऊस हातात धरून दुसऱ्याला काही दाखवलं, तो मरेपर्यंत सर राहतो.

सरांची ओळख पटवायची असेल तर चेहऱ्याकडं नव्हे, कीबोर्डकडं पाहावं. दाखल्यांचा धंदा करणाऱ्याची अक्षरं पुसट व्हायला हवीत. सरांची अक्षरं कोरी करकरीत आहेत. पुसले गेलेत ते चार बाण. आणि स्पेसबार मधोमध असा चकचकीत झालाय की त्यात ट्यूबलाईट दिसते.

तुमच्या-माझ्यासाठी 'बंद' ही एकच अवस्था असते. सरांच्या लेखी बंदचे प्रकार आहेत. नेट चालू पण सरकारी संकेतस्थळ बंद, तर पॅक-मॅन. नेटच गेलं, तर डायनासोर. लाईट गेली आणि इन्व्हर्टरनंही मान टाकली, तर ड्रॉवरमधला जुना नोकिया निघतो आणि त्यातला साप वळवळायला लागतो. म्हणजे जगातली कुठलीही यंत्रणा कोलमडली तरी सरांच्या कामात खंड पडत नाही. काय चालू असेल यावरून आम्ही रांगेतले लोक बिघाडाचं मूळ ओळखतो. "साप काढलाय, चला, चहा घेऊन येऊ," असं म्हणून लोक खुशाल उठतात.

पॅक-मॅन हा सरांचा सकाळचा पाठ. हा खेळ जपानच्या नामको कंपनीत तोरू इवातानी नावाच्या माणसानं केला, १९८० साली. तेव्हा तो कपाटाएवढ्या यंत्रात असायचा आणि नाणं टाकावं लागायचं. तिसाव्या वाढदिवसाला, मे २०१० मध्ये, गूगलनं तो आपल्या मुखपृष्ठावर फुकट खेळायला ठेवला, आणि माझा अंदाज असा की त्या दिवसापासून आमच्या तालुक्यातले दाखले एक दिवस उशिरानं मिळू लागले. चक्रव्यूहात २४० बारके ठिपके आणि चार मोठे, एकूण २४४. सगळे खाल्ले की पुढची फेरी. सर हा आकडा असा सांगतात, जसा दुसरा एखादा आपला गट नंबर सांगतो.

त्या आजीचंच घ्या. हसणं ओसरल्यावर ती पुढं सरकली, पडद्याकडं डोळे बारीक करून बघत राहिली आणि म्हणाली, "चुना येचायलंय का रं हे?" येरमाळ्याच्या येडेश्वरीच्या चैत्री यात्रेत चुन्याच्या रानात भाविक पांढरे खडे वेचतात, ते तिच्या डोळ्यांपुढं होतं. सरांनी पहिल्यांदाच वर पाहिलं. "व्हय आज्जी. आन् हे मागं लागलेले चौघं."

"ही कोण?"

मग सरांनी चौघांची ओळख करून दिली. ती मी मुद्दाम इथं देतो, कारण या भुतांचे स्वभाव बनवणाऱ्यानंच वेगवेगळे ठेवलेत. तांबडं भूत सरळ तुमच्या पाठीशी लागतं. सरांच्या मते तो बँकेचा वसुलीवाला. गुलाबी भूत मागं न येता तुम्ही जिथं पोचणार तिथं आधीच जायला बघतं. हा सोयरा, लग्नाच्या पत्रिका घेऊन चौकात उभा असतो. निळसर भूत तुम्ही कुठं आहात आणि तांबडं कुठं आहे, या दोन्हींचा हिशोब घालून चालतं, त्यामुळं ते कुठल्या गल्लीतून निघेल ते कुणालाच कळत नाही. "हा पंचायत समितीच्या निवडणुकीतला," सर म्हणाले. आणि नारंगी भूत लांबून जोरात येतं, पण अगदी जवळ आलं की कोपऱ्यात पळून जातं. "हा आमचा मेव्हणा. उसने घेतलेत त्यानं."

आजीचा डोल, म्हणजे निराधारांचं अनुदान, मिळायचा राहिला होता, तरी ती अर्धा तास समाधानानं बसली.

सर आधीपासून असे होते का, हा प्रश्न मी त्यांच्या मंडळींना एकदा विचारला. त्यांनी हातातलं वेलदोड्याचं भांडं ठेवून "लग्नात सुद्धा" एवढंच उत्तर दिलं. मूळ लहानपणात आहे. यात्रेत वडिलांनी बॅटरीवरचा एक ब्रिक गेम घेऊन दिला. वर '९९९९ इन १' असं छापलेलं. आत खरे खेळ चार-पाचच, बाकी सगळे तेच, फक्त वेग बदललेला. सरांनी ते मोजून पाहण्यात चौथी आणि पाचवी घालवली. पुढं एमएस-सीआयटीच्या क्लासात पोरांना एक्सेल शिकवायचं होतं, पण त्या मशीनवर 'डेव्ह' होता. लाल टोपीतला तो बुटका कप उचलल्याशिवाय दारातून बाहेर पडू शकत नाही. जॉन रोमेरोनं १९८८ मध्ये केलेला हा अमेरिकन पोरगा मराठवाड्यातल्या किती पोरांना एक्सेलपासून वाचवून गेला, याची नोंद कुठल्याच सरकारी अहवालात सापडायची नाही. बॅचमधली पोरं प्रमाणपत्र घेऊन पुण्याला गेली. सर डेव्हजवळ राहिले.

मग नेट कॅफे आला. दहावी-बारावीच्या निकालाला दारात झुंबड, आणि उरलेलं वर्षभर फ्लॅशवर चालणारे खेळ. डाऊनलोड नाही, पैसे नाहीत, पान उघडलं की खेळ समोर. हा सरांचा सुवर्णकाळ. तो ३१ डिसेंबर २०२० ला संपला, कारण त्या दिवशी अडोबीनं फ्लॅशचा आधार काढून घेतला. गावात पोरं थर्टी फर्स्टचा रस्सा उकळत होती आणि इकडं शटर अर्धं ओढून सर शेवटचा डाव खेळत होते. दुसऱ्या दिवशी कुणीतरी नवीन वर्षाच्या शुभेच्छा दिल्या, तर म्हणाले, "आमच्यात औंदा नाही." पुढं रफल नावाचं एक सॉफ्टवेअर सरांच्या हाती लागलं, त्यात ते जुने खेळ पुन्हा चालायला लागले, तेव्हा मात्र त्यांनी गाळ्यातल्या सगळ्यांना पेढे वाटले. पेढे कुंथलगिरीचे होते. कारण विचारलं नाही कुणी. सगळ्यांना वाटलं, नवीन योजना आली.

सरांचा पोरगा सातवीत आहे. तो मोबाईलवर बंदुकीचे खेळ खेळतो आणि बापाच्या पडद्याकडं बघून म्हणतो, "पप्पा, ह्यात ग्राफिक्सच नाहीत." त्याच्या खेळात टोपी घ्यायला पैसे, बूट घ्यायला पैसे, नाचायलाही पैसे. सरांचं म्हणणं, चार चौकोनांच्या सात तुकड्यांत अलेक्सी पाजितनोव्हनं १९८४ साली मॉस्कोत जे केलं, त्याला बूट लागत नाहीत. टेट्रिसचा विषय निघाला की सर हळवे होतात. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमाच्या एका १३ वर्षांच्या पोरानं निन्टेंडोवरचं टेट्रिस इतकं पुढं नेलं की खेळच गोठला. तोवर तिथपर्यंत पोचलेला माणूस कुणी पाहिलेला नव्हता. सरांनी ही बातमी रांगेतल्या प्रत्येकाला अशी सांगितली, जणू भावकीतलं पोर एमपीएससीत पहिलं आलं. एक शेतकरी म्हणाला, "मशीनच बंद पाडलं म्हणा की." "व्हय." "मग त्याचं काय कौतुक? आमच्या एका सातबाऱ्यानं तुमचं पोर्टल बंद पडतंय."

जुलै महिना या माणसाची परीक्षा बघतो. २०२४ च्या जुलैत तर पीकविमा आणि लाडकी बहीण हातात हात घालून आल्या. रांग चहाच्या टपरीला वळसा घालून रस्त्यावर. एका संकेतस्थळावर जिल्हा 'धाराशिव', दुसऱ्यावर अजून 'उस्मानाबाद'. नाव बदलून वर्ष होत आलं तरी यादीत डी खाली शोधावं की ओ खाली, हे फक्त सरांना पाठ. त्या गर्दीत त्यांनी मला स्पेस इन्व्हेडर्सचा एक किस्सा ऐकवला. १९७८ चा खेळ, तोमोहिरो निशिकादोचा. वरून परग्रहवाले ओळीनं उतरतात, आपण खालून गोळ्या घालायच्या. जसजसे ते कमी होतात तसतसे वेगानं धावतात. लोकांना वाटलं काय डोकं लढवलंय! खरं कारण असं की चिप बिचारी अशक्त होती. सगळ्यांना हलवताना दमायची, गडी कमी झाले की भार हलका व्हायचा आणि उरलेले पळत सुटायचे.

"आता आपलं बघा," सर रांगेकडं हात करून म्हणाले, "महिनाभर कुनी येत नाही तवा पोर्टल पळतंय. शेवटच्या तारखेला समदे एकदम खाली उतरतेत. चिप तीच की ओ."

माझ्या माहितीत, अर्ज का भरला जात नाही याचं एवढं सरळ स्पष्टीकरण दुसऱ्या कुणी दिलेलं नाही. पण हे सांगताना त्यांनी डाव थांबवला नव्हता, हेही नोंदवायला हवं. सरांवर माझा राग आहेच. दोनदा माझा ओटीपी त्यांच्या भुतांच्या नादात मुदत संपून मेला. पॅक-मॅनला कागद न मागता तीन जीव मिळतात, ओटीपीला एकच असतो.

डायनासोरची गोष्ट मात्र वेगळी. क्रोम ब्राऊझरमध्ये तो २०१४ पासून आहे. नेट नसलं की उभा राहतो. नेट नाही म्हणजे तुम्ही त्याच्या युगात गेलात, असा बनवणाऱ्यांचा विनोद. स्पेसबार दाबला की तो ओसाड रानातून पळतो आणि निवडुंग आला की उडी मारतो. आमच्याकडं कुणीही हे रान परदेशी मानत नाही, परंड्याकडचं मानतात. डायनासोर हा शब्दही जड, म्हणून गाळ्यात त्याला घोरपड म्हणतात. बनवणाऱ्यांनी सांगितलंय की हा खेळ संपायला १ कोटी ७० लाख वर्षं लागतील, कारण टी-रेक्स पृथ्वीवर तेवढाच काळ होता. रांगेत तिसरा दिवस असला की हा आकडा फारसा मोठा वाटत नाही.

पण या खेळात एक खोड आहे. नेट परत आलं की पान आपोआप ताजं होतं आणि चांगली पळणारी घोरपड जागच्या जागी नाहीशी होते. त्यामुळं "आलं, आलं!" असा गाळ्यात जल्लोष व्हायचा तेव्हा एकाच माणसाचा चेहरा पडायचा. पुढं सरांना कळलं की पत्त्याच्या पट्टीत क्रोम, कोलन, दोन तिरप्या रेघा आणि डिनो एवढं टाकलं की नेट असो-नसो, खेळ मोडत नाही. त्या दिवसापासून त्यांच्या चेहऱ्यावर जी शांतता आली ती मी इतरत्र फक्त वारीहून परतलेल्यांच्या चेहऱ्यावर पाहिली आहे.

परवा फार्मर आयडीसाठी मी पुन्हा तिथं होतो. माझ्या पुढं लोहाऱ्याकडचे एक बप्पा. सत्तरीचे, पांढरी टोपी, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला सातबारा. त्यांचा अंगठा यंत्र घेत नव्हतं. कोळपं धरून धरून रेषा गेल्या होत्या. सरांनी अंगठा ओल्या फडक्यानं पुसला, कोरड्यानं पुसला, केसांवरून फिरवायला लावला. यंत्र तांबडं ते तांबडंच. अकराव्या वेळी नेटच गेलं.

बप्पा अंगठ्याकडं बघत बसले. "माजाच हाय की ओ," एवढंच म्हणाले.

सरांनी काही न बोलता दुसरी खिडकी उघडली आणि कीबोर्ड त्यांच्याकडं सरकवला. "दाबा हितं. काटं आलं की दाबा."

पहिली घोरपड पहिल्याच निवडुंगाला आपटली. दुसरीही. तिसऱ्या डावाला बप्पांचा तो घट्टे पडलेला अंगठा स्पेसबारवर बरोबर वेळेला पडला आणि घोरपड उडाली. मागून कुणीतरी "हां बप्पा!" म्हणालं. मग दुसरं काटं, मग जोडकाटं. रांग मोडून लोक पडद्याभोवती गोळा झाले. पडद्यावर रात्र झाली, पुन्हा उजाडलं. चहावाला पोरगा कप घेऊन तसाच उभा राहिला.

तेवढ्यात यंत्राचा दिवा लागला.

"बप्पा, आलं सर्वर. चला, अंगठा लावा."

बप्पांनी पडद्यावरची नजर काढली नाही. "हितं लागायलाय की. तिकडं तूच लाव."