मोखाड्याची नाइटलाइफ

आमचा एक मित्र कुठल्याही गावाची लायकी तिथल्या बारच्या पाट्यांवरून ठरवतो. गोव्यातल्या बागाला त्याने पैकीच्या पैकी मार्क दिले आहेत, महाबळेश्वर काठावर पास झालंय. जव्हारला 'ठाणे जिल्ह्याचं महाबळेश्वर' म्हणतात हे कळल्यावर त्याने निघण्याआधीच नाक मुरडलं. (२०१४ साली जव्हार पालघर जिल्ह्यात गेलं, पण या बिरुदाला अजून बदलीची ऑर्डर मिळालेली नाही.)

मुकणे राजांचा जयविलास राजवाडा पाहिला, सुरतेच्या वाटेवर शिवाजी महाराज थांबले ते शिरपामाळ पाहिलं. सगळीकडे याचा एकच प्रश्न : "संध्याकाळचं काय?" सूर्य बुडाला तशी त्याला तरतरी आली. परमिट रूम सापडली, पण तिथे ट्यूबलाइटच्या उजेडात माणसं मुकाट्याने शेंगदाणे खात होती. याला दिवाळं निघाल्यासारखं वाटलं.

शेवटी चहावाल्यालाच विचारलं, "काका, रात्रभर चालतं असं काही आहे का इथे?"

"आहे की. मोखाड्याला बोहाडा. पार पहाटेपर्यंत चालतो."

"वा! एंट्री कशी?"

"पहिली एंट्री गणपतीची."

मित्राला बोहाडा हे बारचं नाव वाटलं होतं. मोखाड्यात पोचल्यावर गणपती खरोखरच आला : भलामोठा मुखवटा, मागे मशाली, पुढे संबळ. मग सरस्वती आली. त्यानंतर एकामागून एक देव, दानव, रामायण-महाभारतातली मंडळी. प्रत्येक सोंग वाजंत्र्यांपुढे नाचत गल्लीभर पुढे-मागे येरझारा घालतं. मुखवट्याआडच्या माणसाच्या मानेवरून घाम ओघळत होता, तरी पाय ठेका सोडत नव्हते. पोरंटोरं, म्हाताऱ्याकोताऱ्या, कडेवरची बाळं, कुणी झोपायचं नाव घेईना. बागाला पहाटे चारला इतकी माणसं जागी असतात, पण सगळ्यांना आपापलं नाव आठवत असतंच असं नाही.

उजाडताना गावाबाहेर पडलो तर मोहाखाली एक आजी टोपली घेऊन फुलं वेचत होत्या. होळीनंतर मोह गळायला लागतो, पहाटेच गळतो आणि ऊन चढायच्या आत वेचावा लागतो. फिकट पिवळी, मांसल, बोटांना चिकटणारी फुलं. मित्राने आवाज खाली आणला : "आजी, याची ती... पहिल्या धारेची... मिळेल का?"

"मिळंल की. पोलिसाला विचार, त्यानंच नेलीय." आणि फूल पुढे करून म्हणाल्या, "खा. खायलाबी असतं ते."

खाल्लं. गोड होतं.

आजींचं बोलणं गमतीचं, पण मागे मोठा इतिहास आहे. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुलं घरात साठवू नयेत म्हणून इंग्रजांनी १८९२ साली खास कायदाच केला होता. सरकारमान्य दारूचा महसूल बुडतो हे दुखणं. स्वातंत्र्यानंतर १९४९चा दारूबंदी कायदा आला, फुलांमागचा ससेमिरा काही सुटला नाही. फुलं गोळा करणं, साठवणं, नेणं यावरची बंधनं महाराष्ट्राने उठवली ती थेट २०२१ साली. तिकडे गोव्याच्या काजू फेणीला २००९मध्येच भौगोलिक मानांकन मिळालं होतं. मध्य प्रदेशाने तर मोहाच्या दारूला 'हेरिटेज' म्हणून बाटलीत बसवलं. आपल्याकडे मात्र वारली घरात देवापितरांच्या नावाने जमिनीवर चार थेंब सांडायचे म्हटलं तरी ते थेंब बेकायदा. नवसागर घातलेल्या हातभट्टीने कैक घरं बुडवली हे खरं. पण तो दोष मोहाच्या झाडाचा नव्हे.

मित्राने परतीच्या एसटीत निकाल जाहीर केला : बागा दुसऱ्या नंबरवर.

जाणाऱ्यांना एकच सूचना. बोहाड्याला तिकीट नाही, मात्र या राज्यात कायद्याने पिणाऱ्याजवळ परवाना लागतो : एका दिवसाचा, देशीला दोन रुपये आणि विदेशीला पाच.