भावकीतला जंत

आमच्या गावाकडे बैलावर बसून हेळवी यायचा आणि चोपडीतून कुळाच्या पिढ्यान्‌पिढ्या वाचून दाखवायचा. मधूनच एखादा असा भाऊबंद निघे, की घरातली वडीलधारी मंडळी एकदम आढ्याकडे बघू लागत. परवा भाचीच्या सूक्ष्मदर्शकाशी खेळताना मला त्या हेळव्याची आठवण झाली.

गच्चीच्या कठड्यावरचं चिमूटभर वाळकं शेवाळ भिजत घातलं होतं. काही वेळाने त्यात अर्ध्या मिलिमीटरहून लहान रोटिफर आळोखेपिळोखे देत उठली आणि डोक्यावरची दोन चाकं फिरवू लागली. ती चाकं नव्हेतच म्हणा. बारीक केसांची झालर लयीत हलते नि आपल्याला गरगर भासते. ‘उठली’ म्हटलं, कारण शेवाळातल्या या घराण्यात नर आजवर कुणाला सापडलेला नाही. आमच्या हेळव्याच्या चोपडीत सगळे पुरुष, इथे सगळ्या बायका! आणि चिवट किती? सैबेरियाच्या गोठलेल्या जमिनीत २४,००० वर्षं पडून राहिलेली एक जण जागी झाल्याचं २०२१ साली जाहीर झालं. उठल्यावर तिने पिल्लावळही वाढवली.

अशा कष्टाळू घराण्याचा भाऊबंद कोण, तर डुकराच्या आतड्यात राहणारा काटेरी डोक्याचा जंत. मादी फूटभर सहज भरते. हुमणीसारख्या अळीच्या पोटातून डुकराच्या पोटात जायचं, आकड्यांची सोंड आतड्यात रुतवायची नि मुक्काम ठोकायचा. पक्का घरजावई. भोवती अन्न तयारच, ते कातडीतून शोषलं की झालं. म्हणून याला तोंड नाही नि पोटही नाही. आमटीत मीठ कमी आहे, ही तक्रारसुद्धा करता येत नाही बिचाऱ्याला.

प्राणिशास्त्राने बरीच वर्षं दोघांची चूल वेगळीच मांडली होती. पण कातडीत खूण होती. दोघांच्याही कातडीत पेशींमधल्या भिंती नसतात, सगळा एकच सोपा. मग १९९०च्या दशकात डीएनए नावाच्या हेळव्याने चोपडी उघडली आणि जंत निघाला थेट रोटिफरांच्याच वंशावळीत. त्यातही सख्खं कोण नि चुलत कोण, यावर अभ्यासकांचं अजून जमत नाही. खेकड्या-कोळंबीच्या गोतातल्या एका चिमुकल्या समुद्री जिवाच्या अंगावर राहणारा सायसन नावाचा रोटिफर मध्येच उठून जंताशी जवळीक सांगतो.

हे सगळं भाचीला सांगेपर्यंत काचेवरचं पाणी आटत आलं. आमच्या बाईंनी चाकं आत ओढली, अंगाचं मुटकुळं केलं आणि तोंड मिटून घेतलं.