पावसाचे दोन पेन्शनर

हवामान खात्यात नोकरी केलेल्या माणसाला लग्नात सुखाने जेवता येत नाही. शेजारच्या पाटावरचा गृहस्थ ‘आपण कुठे असता?’ विचारतो, आपण सांगतो, आणि मठ्ठा येईपर्यंत त्याचा विनोद तयार असतो. खातं पाऊस सांगतं तेव्हा मी छत्री घरी ठेवून निघतो, हा तो विनोद. सांगणाऱ्याला तो दर वेळी त्याच क्षणी सुचलेला असतो. नोकरीत होतो तोवर मी खात्याच्या अब्रूसाठी हसत होतो. आता पेन्शन घेतो म्हणून हसतो.

वास्तविक माझा अंदाजाशी काडीचा संबंध नव्हता. पडणारा पाऊस सांगणारे वेगळे आणि पडलेला पाऊस मोजणारे वेगळे. मी दुसऱ्या जातीतला, निरीक्षक. सकाळी साडेआठ वाजता पर्जन्यमापकातलं पाणी मोजनळीत ओतायचं, डोळ्यांच्या रेषेत धरायचं, आकडा वहीत लिहायचा आणि वर कळवायचा. मापकाच्या तोंडाचं क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर. आत २० घनसेंटिमीटर पाणी जमलं की एक मिलिमीटर पाऊस झाला. यात चुकायला जागा नाही आणि मिरवायलाही नाही. अंदाजाबद्दल मला बोल लावणं म्हणजे पत्रात वाईट बातमी आली म्हणून पोस्टमनला धरण्यासारखं होतं. पण जिलबी वाढत असताना हे कोण ऐकून घेतो?

ही गेल्यापासून घरात मी एकटाच. मुलगी बंगळुरूला असते. रोज रात्री फोन करून ‘जेवलात का?’ विचारते आणि माझं उत्तर पूर्ण व्हायच्या आत दुसऱ्या फोनवर कुणाला तरी इंग्रजीत झापायला लागते. बाकीचा दिवस कसाही ढकलता येतो. पंचाईत होते ती सकाळी साडेआठची. हात शिवशिवतात आणि मोजायला काही नसतं. काही दिवस मी गवळ्याचं दूध मोजून पाहिलं. त्याने गिऱ्हाईक सोडण्याची धमकी दिली.

शेवटी गच्चीवर पर्जन्यमापक बसवला. तो शास्त्राला धरून नाही, हे आधीच सांगून टाकतो. मापकाचं तोंड जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर हवं आणि आसपासच्या वस्तू स्वतःच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर हव्यात. आमच्या गल्लीत हा नियम पाळायचा तर शेजारच्या दोन सोसायट्या पाडाव्या लागतील. चेअरमनसाहेबांनी ‘गच्चीवर खासगी वस्तू ठेवल्याबाबत’ अशी नोटीस दिली. पाऊस सार्वजनिक आहे, असं मी लेखी उत्तर दिलं. तेव्हापासून ते मला लिफ्टमध्ये एकट्याला जाऊ देतात.

आबा मला या गच्चीवरच भेटले. त्यांच्या मुलाने चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला आणि त्यांना पेठेतल्या खोलीतून उचलून इथे आणलं. मुलगा चाकणला कंपनीत, सून बँकेत, नातू शाळेतून परस्पर क्लासला. दिवसभर घरात आबा आणि फ्रिजचा आवाज. म्हणून ते गच्चीवर येऊन एका पत्र्याच्या पेटीवर बसत. गच्चीवर खासगी वस्तू ठेवणारे आम्ही दोघंच.

“हे काय, नरसाळं?” त्यांनी विचारलं.

“पर्जन्यमापक.”

“म्हंजे तुम्ही सिमला ऑफिसातले?”

पुण्यात आमच्या ऑफिसला हेच नाव आहे. खातं १८७५ सालचं. मुख्य कचेरी सिमल्याला होती, ती १९२८ मध्ये पुण्यात शिवाजीनगरला आली आणि १९४४ मध्ये दिल्लीला गेली. जाताना सिमला इथेच विसरून गेली. आबांचा मात्र कित्येक वर्षं समज होता की तिथे बसून सिमल्याची हवा सांगतात. “मी म्हणायचो, सिमल्याचा अंदाज हितं मंडईत कसा लागू पडंल!”

आता छत्री घरी ठेवण्याचा विनोद येणार, म्हणून मी चेहरा हसरा करून उभा राहिलो. आबांनी चक्क हात जोडले.

“साहेब, तुमच्या खात्यावर माझी दोन पोरं शिकली.”

आबा छत्री दुरुस्त करणारे. मंडईच्या बाजूला फुटपाथवर पेटी मांडून उभी हयात गेली. त्यांचा हिशेब सरळ होता. रेडिओवर पाऊस सांगितला की लोक माळ्यावरून छत्री काढत, उघडत, काडी मोडलेली बघत आणि आबांकडे येत. पाऊस सांगितला आणि पडला नाही, तरी छत्री दुरुस्त झालेलीच असे. उलट खात्याने उघडीप सांगितली आणि आभाळ फाटलं, तर भिजलेली माणसं दुसऱ्या दिवशी रांग लावत. अंदाज खरा ठरो की खोटा, आबांचा गल्ला भरत असे. ज्याला तक्रारच नाही असा नागरिक मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो. दिल्लीला कळवावं असं क्षणभर वाटलं.

त्यांना निवृत्त कुणी केलं नाही. निरोप समारंभ नाही, नारळ नाही. घडीच्या छत्र्या स्वस्त झाल्या आणि दुरुस्तीपेक्षा नवी घेणं लोकांना परवडू लागलं. मोडकी छत्री कचऱ्यात जाऊ लागली. एका पावसाळ्यात दिवसभर बसून एकच गिऱ्हाईक आलं, तेही पत्ता विचारायला. त्या संध्याकाळी आबांनी पेटी मिटली. गच्चीवर ते बसतात ती हीच. आत जुन्या काड्या, तारा, मेणाचा दोरा, पक्कड आणि लाकडी मुठी आहेत. सुनेला वाटतं यात भंगार आहे आणि मुलाला वाटतं पैसे आहेत.

मी त्यांना माझी काळी लांब छत्री दाखवली. त्यांनी ती मांडीवर आडवी घेतली, उघडली आणि आठही काड्यांवरून बोट फिरवत गेले. सहाव्या काडीच्या टोकाशी बोट थांबलं.

“हा टाका कुणाचा?”

“माझा.”

“बटनाचा टाका हाय हा.”

“बटणंही हल्ली मीच लावतो.”

आबांनी मान वर केली नाही. दाताने दोरा तोडला, नवा ओवला, काडीच्या भोकातून दोनदा फिरवून सैलसर गाठ मारली. कापड ओलं झालं की ओढ घेतं, आवळून बांधलं तर टोकाशी फाटतं, असं म्हणाले. मग काडीच्या सांध्यात तेलाचा थेंब सोडला, छत्री दोनदा उघडमीट करून कानाशी धरली आणि माझ्या हातात दिली.

“वीस रुपये.”

मी हसलो. ते हसले नाहीत. मी वीस रुपये दिले.

त्यानंतर आमची भांडणं सुरू झाली. मैत्री म्हणण्याइतका निवांतपणा त्यात कधीच नव्हता. मी मिलिमीटरचा माणूस, आबा नक्षत्रांचे. त्यांच्या भिंतीवर कॅलेंडर आहे आणि प्रत्येक नक्षत्राचं वाहन त्यांना तोंडपाठ असतं. बेडूक, म्हैस, हत्ती आले की ते खूश. कोल्हा किंवा गाढव आलं की नातवाचा अभ्यास घ्यायला बसतात. मी त्यांना समजावलं, की सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, नऊने भागायचं आणि बाकीवरून वाहन ठरवायचं, एवढंच ते गणित आहे. यात ढग कुठे आले? आबा म्हणाले, “आन तुमच्या नळीत कुठं आले? तुमच्यात तर पाऊस हून गेल्यावर कळतो पाऊस झाला.” यावर खात्यातल्या कुणाकडेही उत्तर नाही. पुनर्वसूच्या पावसाला तरणा म्हणतात आणि पुष्याच्या पावसाला म्हातारा. आबांच्या मते म्हातारा जास्त भरवशाचा. तरणा येतो, धिंगाणा घालतो आणि निघून जातो. म्हातारा एकदा येऊन बसला की उठत नाही.

वाऱ्याच्या बाबतीत मात्र मी त्यांचा शिष्य झालो. पावसाने छत्री मोडत नाही, वाऱ्याने मोडते. आणि वाऱ्यापेक्षाही जास्त बसच्या दारात मोडते, हे त्यांचं निरीक्षण आहे. कोणत्या चौकात छत्र्या उलट्या होतात याचा पेठांचा नकाशा त्यांच्या डोक्यात आहे. आमच्याकडे वारा मोजायला उंच खांबावर फिरत्या वाट्या असतात. आबांकडे उलटलेल्या छत्र्या मोजायची पद्धत होती. दोन्ही पद्धतींत मोजमाप बरोबर असतं, पण आबांना प्रत्येक नोंदीमागे पैसे मिळत.

एकदा मी पानशेतचा विषय काढला. १२ जुलै १९६१ला धरण फुटलं तेव्हा आम्ही दोघं शाळकरी पोरं होतो. आबांच्या वडिलांचं दुकान, म्हणजे एक पेटी आणि एक पोतं, नदीकाठच्या पेठेत होतं. पाणी ओसरल्यावर बापलेकांनी चिखलात हात घालून छत्रीच्या मुठी शोधल्या. मिळाल्या त्या धुऊन वाळवल्या आणि त्याच आठवड्यात पुन्हा बसले. “धंदा झाला का?” मी विचारलं. “कसला होतोय! ज्यांच्या छत्र्या ऱ्हायल्या त्यांची घरं न्हाई ऱ्हायली.” एवढं बोलून आबा पेटीतला दोरा गुंडाळत बसले. थोड्या वेळाने मला म्हणाले, की तो पूर पावसाचा नव्हता, धरणाचा होता, तेव्हा सिमला ऑफिसला त्यांनी तेव्हाही दोष दिला नाही.

आमच्या खात्याची भाषा त्यांना भारी आवडली. ‘तुरळक ठिकाणी’ हे मोघम बोलणं आहे, असा साऱ्या महाराष्ट्राचा समज आहे. ते मोघम नाही. विभागातल्या केंद्रांपैकी २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस झाला तर तुरळक ठिकाणी, २६ ते ५० टक्के तर काही ठिकाणी, त्यावर ७५ पर्यंत बऱ्याच ठिकाणी. हे मी त्यांना गच्चीच्या कठड्यावर खडूने लिहून समजावलं. आबांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवसापासून ही वर्गवारी घरात लागू केली. सकाळी जिन्यात भेटले की दबक्या आवाजात अहवाल मिळतो. “आज आमच्याकडं बऱ्याच ठिकाणी गडगडाट. नातवाचं प्रगतिपुस्तक आलंय.” सुनेचे बँकेतले वार्षिक हिशेब सुरू झाले की ऑरेंज अलर्ट. त्या दिवसांत ते जेवायला माझ्याकडे येतात. माझी आमटी कशीही असली तरी तिला कुठलाही इशारा नसतो.

नोव्हेंबरात मला बँकेत हयातीचा दाखला द्यावा लागतो. यंदा आबा बरोबर आले. आपण जिवंत आहोत हे सरकारला दर वर्षी कळवावं लागतं, ही गोष्ट त्यांच्या पचनी पडेना. त्यातून यंत्राला माझ्या बोटाचे ठसे मिळेनात. काउंटरवरची मुलगी दुसरं बोट मागे, तिसरं मागे. आबा काचेवर वाकून तिला म्हणाले, “ताई, हे जित्ते हायेत. रोज माझ्याशी भांडत्यात.” असा पुरावा नियमात बसत नसावा. ठसा अखेर अंगठ्याने दिला. बाहेर आल्यावर आबा म्हणाले, “आम्हाला बरं, कुणी इचारतच न्हाई.” मी त्यांना भजी खायला घातली.

आता आमची पैज लागते. रोज संध्याकाळी, एका चहावर. उद्या पावसाचा दिवस होणार की नाही? खात्याच्या व्याख्येप्रमाणे २.५ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झाला तरच तो पावसाचा दिवस. २.४ झाला तर तुम्ही कितीही भिजा, तो दिवस कोरड्यातच गेला. आबांना ही व्याख्या मान्य नाही. त्यांच्या मते माणसाने छत्री उघडली की पावसाचा दिवस. पण निकाल साडेआठला माझ्या मोजनळीवर लागतो आणि नळी माझ्या हातात असते, त्यामुळे आबा हरू लागले. ओळीने हरले. चहावाल्याकडे त्यांच्या नावावर वही उघडली गेली.

परवा रात्रभर चांदणं होतं. सकाळी मी सवयीने गच्चीवर गेलो. गच्ची खडखडीत कोरडी, कठड्यावर चिमण्या धुळीत लोळत होत्या. मापकाचं झाकण काढलं तर आत पाणी. नळीत ओतलं, डोळ्यांच्या रेषेत धरलं: नऊ मिलिमीटर. पाण्याला क्लोरिनचा वास येत होता आणि पेटीशेजारी महानगरपालिकेच्या नळावर भरलेला एक तांब्या उपडा वाळत होता.

आबा पेटीवर बसून आभाळाकडे बघत होते.

“आबा, गच्ची कोरडी आहे. जिना कोरडा आहे. सबंध पुणं कोरडं आहे. पाऊस फक्त या २०० चौरस सेंटिमीटरमध्ये पडला?”

“मग?” आबा म्हणाले. “तुरळक ठिकाणी!”

कठड्यावरचा खडू अजून पुसला गेला नव्हता. शून्य ते पंचवीस टक्के, माझ्याच अक्षरात. चहाचे पैसे मी दिले, आणि आबांनी आल्याचा, मोठ्या ग्लासातला मागवला.