भेळेचा हिशेब

"काकू, आहात का?" अशी हाक पलीकडून आली की समजायचं, सुनंदाचा कुकर लावून झाला, आता शिट्ट्या होईपर्यंत ती मोकळी. आमच्या दोन घरांमध्ये कमरेएवढी भिंत आहे. माझ्या बाजूनं जास्वंद, तिच्या बाजूनं वाळत घातलेली पायपुसणी. कऱ्हाडात आमच्या आजूबाजूचे बंगले पाडून अपार्टमेंटं झाली, आम्ही दोघी मात्र अजून भिंतीवर कोपरं टेकून जगाचा निकाल लावतो.

मध्यंतरी एका रविवारी हाक आली ती जरा वरच्या पट्टीतली होती.

"काकू, चिमीला अडीचशे रुपये नफा झाला! शाळेच्या आनंद बाजारात."

मला ठाऊक होतं. त्या बाजारात मी स्वतः पाच प्लेट भेळ घेतली होती. एक तिथंच उभ्यानं खाल्ली, चार डब्यात भरून आणल्या, त्यांचा संध्याकाळपर्यंत चिखल झाला. हे अर्थात सुनंदाला बोलले नाही. पण बँकेच्या खिडकीत ३२ वर्षं नोटा मोजलेल्या बाईच्या कानावर 'नफा' हा शब्द पडला की तिचे हात शिवशिवतात. म्हटलं, "चिमे, वही घेऊन ये."

चिमी नववीत आहे. वही आणली. शाळेनं छापून दिलेला तक्ता होता, त्यात दोनच रकाने: खर्च आणि विक्री. फरसाण ३००, चिरमुरे ९०, कागदी प्लेटा ५०, लिंबं ३०. एकूण ४७०. विक्री ३६ प्लेटा, २० रुपयांप्रमाणे ७२०. नफा २५०. खाली बाईंची सही आणि लाल शाईत 'शाब्बास'.

"प्लेटा तर ४२ केल्या होत्यास ना?"

"सहा सरांनी आणि बाईंनी घेतल्या. चव बघायला."

"पैसे?"

चिमीनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवळात चपला घालून शिरले. सरांकडून पैसे?

"बरं, राहू दे. कांदे कुठायत ह्यात?"

"कांदे घरचेच होते, आजी."

"घरचे म्हणजे आपल्या परसात उगवले होय?"

सुनंदा हसली, पण तिनंच मग आकडे सांगितले. कांदे दोन किलो, ६० रुपये. टोमॅटो ४०. चिंच-गूळ ५०. कोथिंबीर २०. झाले १७०. अडीचशेतून गेले, उरले ८०. टेबलाचं भाडं म्हणून शाळेनं ५० घेतले होते, ते तक्त्यात कुठंच नव्हते. का, तर ते बाबांनी भरले. आता राहिले ३०.

"आणि तुझी आई पहाटे पाचपासून कांदा चिरत होती, तिची मजुरी?"

"आईची कसली मजुरी?" चिमी म्हणाली. सुनंदाही म्हणाली, "काहीतरीच काय काकू, आईची कसली मजुरी!" मायलेकींचं एकमत व्हायची वेळ महिन्यातून एकदा येते, ती माझ्यामुळे आली.

पण मला खरं खुपत होतं ते पुढंच होतं. "३६ प्लेटा घेतल्या कुणी?" चिमी बोटांवर मोजायला लागली. आई चार, बाबा तीन, तिची आजी दोन, मी पाच. शेवटी सहा उरल्या, शेव नरम पडायला लागली, तेव्हा सुनंदानं फोन करून मलकापूरच्या मावशीला रिक्षानं बोलावलं, त्या सहा तिनं उचलल्या. म्हणजे ३६ पैकी २० घरातच जिरल्या. खरी गिऱ्हाइकं १६.

"अगं, पोरीचा विरस झाला असता ना," सुनंदा म्हणाली.

झाला असता. पण बाजार बघायचा तर तेवढाच बघण्यासारखा होता. माल उरतो, नरम पडतो, आणि साडेबाराला उभं राहून ठरवावं लागतं की वीसची प्लेट दहाला द्यायची की घरी न्यायची. तो अर्धा तास मावशीनं रिक्षातून येऊन खाऊन टाकला.

पहिला कुकर झाला. सुनंदा आत जाऊन गॅस बंद करून आली आणि मग खऱ्या गप्पा सुरू झाल्या, म्हणजे पहिलं बक्षीस कुणाला मिळालं. ते मिळालं आइस्क्रीमवाल्याला. "मुलाचं कसलं काकू, वडिलांचं दुकान आहे. फ्रीजर दुकानातला, कप दुकानातले, टेम्पोतून सोडायला नोकर. हा नुसता टोपी घालून उभा. नफा ९०० रुपये!" बरोबरच आहे, कपाची खरेदीच मांडली नसेल तर नफा व्हायला काय जातंय. बँकेत असे पुष्कळ पाहिले. कर्ज मागायला यायचे, दुकानाचा गल्ला आणि घरखर्चाचा खिसा एकच. वर्षभर धंदा जोरात चाललाय म्हणायचे आणि मार्चमध्ये कळायचं की पोरीचं लग्न भांडवलातून झालंय. अकरावीला कॉमर्स घेतलेली पोरं पुस्तपालनात 'उचल', म्हणजे मालकानं घरासाठी धंद्यातून काढलेले पैसे, हा शब्द पाठ करतात, नावे की जमा तेही बरोबर लिहितात, आणि स्वतःच्या बापाच्या दुकानात रोज संध्याकाळी होणारी उचल त्यांना दिसत नाही.

ह्या सगळ्या बाजारात मला एकच व्यापारी दिसला. मंडईत भाजी विकणाऱ्या एका आजींचा नातू, आठवीतला. एकूण १९ टेबलं, त्यात सात भेळेची. कुणी काय आणायचं ते आयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरलं, मग दुसरं काय होणार! सातही टेबलांवर एकच पाटी, 'चविष्ट भेळ'. ह्या पोरानं भेळेच्या रांगेच्या टोकाला टेबल मागून घेतलं आणि लिंबू सरबत लावलं. पाटी काय लिहिली होती माहितीय? 'तिखट लागलं? इकडे या.' पाच रुपयांना ग्लास. आणि मी तिथं उभी असताना तो चिमीच्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाला, "ताई, ठेचा जरा वाढव की."

मी मोठ्यांदा हसले तेव्हा पळाला.

त्याची वही मी मुद्दाम मागून पाहिली. लिंबं आजीकडून उधारीवर, मंडईच्या भावानं. खाली वेगळ्या ओळीत: 'आजीने दोन जास्त दिली, त्याचे ६ रु.' साखर, बर्फ, टेबलाचं भाडं, सगळं मांडलेलं. एक ग्लास फुटला तोही मांडलेला. उरले १०० च्या आत. त्याला बक्षीस नाही, उत्तेजनार्थसुद्धा नाही. शाळेला मी दोष देत नाही, तक्त्याला दोनच रकाने होते, त्या पोराच्या चार ओळी बाहेर समासात गेल्या होत्या.

"पण काकू, शाळेत हे शिकवतात तरी. आमच्या वेळी कुठं होतं?" सुनंदा म्हणाली.

होतं की. आमच्या वेळी स्काउट-गाइडची 'खरी कमाई' होती. कार्ड घेऊन घरोघर जायचं, काम मागायचं, पैसे आणि सही घ्यायची. मी सातवीत असताना एका गृहस्थांची सायकल पुसली, ठरले चार आणे. त्यांनी सायकल फिरवून फिरवून बघितली आणि मागच्या चाकाच्या आऱ्यांवर बोट ओढून मला दाखवलं. काळं. "हे राहिलं," म्हणाले, आणि खुर्चीत बसून पेपर वाचायला लागले. मी रडत रडत आरे पुसले. त्या चार आण्यांचं मला काही आठवत नाही, त्यांचं ते काळं बोट आठवतं.

आणि मागं गेलं तर हे नवं नाहीच. १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींनी शिक्षण परिषद बोलावली होती, नई तालीम तिथली. हातानं काम करत शिकायचं, आणि मुलांनी केलेल्या वस्तू विकून शाळेचा खर्च, मास्तरांचा पगारसुद्धा निघावा असं त्यांचं म्हणणं. तेव्हाच लोक म्हणाले होते की अशानं शाळेचा कारखाना होईल, मास्तर पोरांना चरख्याला जुंपतील. ती भीती खोटी नव्हती. पण आमच्या आनंद बाजारात नेमकं उलटं झालंय. तिथं पोरांच्या श्रमावर शाळा चालायची होती, इथं आयांच्या श्रमावर पोरांचा बाजार चालतोय.

"मग काय, बंद करायचा?"

"बंद कशाला? भांडवल कुणाचं ते नीट ठरवावं." दिल्लीच्या सरकारी शाळांत २०१९ मध्ये नववी ते बारावीच्या वर्गांना उद्योजकतेचा अभ्यासक्रम सुरू झाला. पुढं २०२१ मध्ये तर अकरावी-बारावीच्या पोरांना गट करून धंदा करायला माणशी २००० रुपये दिले. पैसे सरकारचे, त्यामुळे निदान कांदे घरचे आहेत असं म्हणायची सोय नव्हती. आपल्याकडं लांब कशाला, शिरूर तालुक्यात पाबळला डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून आलेला माणूस. तिथली पोरं वेल्डिंग शिकतात ती गावातल्या कुणाचं तरी मोडलेलं गेट दुरुस्त करून, आणि त्याचे पैसे घेतात. गेटवाला काही मावशी नसतो. डाग नीट बसला नाही तर तो दारात येऊन उभा राहतो.

दुसरा कुकर वाजायला लागला होता, पण सुनंदा हलली नाही. तिची सासू रयत शिक्षण संस्थेच्या शाळेत शिक्षिका होती, त्यामुळे कर्मवीर भाऊराव पाटलांचं नाव निघालं की ती थांबते, आणि ते मी नुकतंच काढलं होतं. आपल्या इथून जवळच, काले गावात १९१९ साली त्यांनी ती संस्था काढली, 'कमवा आणि शिका' त्यांचंच, हे तिला पाठ. "पण त्याआधी ते किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव फिरायचे, हे सासूबाईंनी सांगितलं होतं का?"

"नांगर? कर्मवीर?"

हो. आणि तो काही सोपा माल नव्हता. लोखंडाच्या फाळानं जमिनीला विष होतं असं शेतकरी म्हणायचे. लक्ष्मणराव किर्लोस्करांना पहिले नांगर खपवायला दोन वर्षं लागली असं सांगतात. घरी पडलेला, कुणी घेत नसलेला माल म्हणजे काय, हे त्या माणसाला कळलेलं. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली, आणि १९२० मध्ये तिथून 'किर्लोस्कर खबर' निघालं, कारखान्याच्या मालाची माहिती लोकांपर्यंत पोचावी म्हणून. माझी आई पुढं 'किर्लोस्कर' आणि 'स्त्री' वाचायची, त्याचं मूळ एक जाहिरातीचा कागद होता हे तिला कुणी सांगितलं असतं तर तिनं मला रेडिओ बंद करायला सांगून पुन्हा विचारलं असतं. ते असो. मी म्हणते ते एवढंच की भाऊरावांनी नाही म्हणणारी माणसं दारोदार पाहिली होती. पुढं पोरांसाठी वर्गणी आणि धान्य मागत हिंडताना तीच सवय कामाला आली असणार.

"म्हणजे चिमीला नाही ऐकायची सवय लावायची म्हणता?"

"मी काही म्हणत नाही बाई. तुझा भात लागतोय."

त्यानंतर चार दिवस भिंतीवर शांतता होती. मला वाटलं, जरा जास्तच बोलले. सुनंदानं कढीपत्ता मागितला तोही धाकट्याकडून. पाचव्या दिवशी संध्याकाळी चिमी भिंतीशी आली. हातात स्टीलचं ताट, त्यावर पेपर, पेपरवर चिरमुऱ्याचे लाडू, १२. हातात वही. नव्या वहीत रकाने तिनं स्वतः पट्टीनं आखले होते, पाच. चौथ्याच्या डोक्यावर लिहिलं होतं 'आई'. त्यात '३० मिनिटे' असं.

"आजी, सात रुपयांना एक. घेता?"

मी एक फोडला. चिरमुरे कुरकुरीत होते, पण पाक पुढं गेला होता. गुळाला जळका वास, दाताला चिकटत होता. आधीच्या सवयीनं तोंडातून 'छान' बाहेर पडायला आलंच होतं. ते गिळलं. एका लाडवाचे सात रुपये तिच्या हातावर ठेवले, कारण तो फोडला होता, आणि म्हटलं, "बाकीचे नको गं. गूळ जळलाय."

चिमीचा चेहरा पडला. ती ताट घेऊन निघाली. जास्वंदीपर्यंत गेली, थांबली, परत आली, ताट भिंतीवर ठेवून पेन्सिल काढली.

"पाक कुठवर आणायचा मग? आणि लहान केले, पाचला, तर घ्याल?"

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून सुनंदाचा आवाज आला, "अगं चिमे, काकूंकडून काय पैसे घेतेस! दे चार लाडू तसेच!"

"आई, तू थांब जरा," चिमी मान वर न करता म्हणाली, "गिऱ्हाईक बोलतंय."