चार तासांचं कोची

देगलूरपासून समुद्र शेकडो किलोमीटर लांब. म्हणूनच की काय, आमच्याकडची मंडळी क्रूझ म्हटलं की हरखून जातात. जहाज कोचीला लागतं, चार तास मिळतात. चिनी जाळ्यांसमोर सेल्फी, १५६८ चं सिनेगॉग (शनिवार असेल तर बंद), वेलदोड्यांची घासाघीस, मग सेंट फ्रान्सिस चर्चमधली वास्को द गामाची कबर. गडी १५२४ मध्ये व्हाइसरॉय होऊन आला आणि तीनेक महिन्यांत इथंच वारला. पुढं अवशेषही पोर्तुगालला नेले. रिकाम्या कबरीला हात जोडून मंडळी धावत जहाज गाठतात. बुफे बंद व्हायचा असतो ना! होट्टलची चालुक्यकालीन देवळं आमच्या देगलूर तालुक्यातच आहेत. पण तिथं कुठला बुफे?