चारोळी लावण्याची बिनसरकारी पद्धत

परदेशी हेझलनटची रोपे कुठे मिळतील, अशी जळगावच्या रोपवाटिकांत चौकशी करणाऱ्या उत्साही शेतकऱ्याला पहिली सूचना अशी की, आधी मे महिना येऊ द्यावा. त्या झुडपाला हिवाळ्यात कित्येक आठवड्यांची कडक थंडी लागते. आपल्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकला की त्याने नेमके काय करावे, हे कोणत्याही माहितीपत्रकात छापलेले नसते. सातपुड्याच्या उतारावर जी चारोळी कुणी न लावता उगवत आली आहे, ती लावावी. आंबा, काजू आणि बिब्बा यांच्याच कुळातली असल्याने घराणे चांगले आहे. लागणारे साहित्य : एक कुदळ, ताजे बी, आणि अजून शाळेत न घातलेले एक मूल. बियांपासून वाढवलेल्या झाडाला फळ धरायला आठ-दहा वर्षे लागतात, त्यामुळे पहिला तोडा बहुधा तेच करील.

केळीची काळी कसदार जमीन तिला देऊ नये. पाणी साचणारी माती तिला मानवत नाही. शिरपूर, चोपडा, यावल, रावेरकडची मुरमाड, खडकाळ बरड पुरते. उन्हाळ्याच्या अखेरीस पिकून काळे पडलेले फळ घ्यावे, वरचा गोड गर खावा (हे काम मजुरांवर सोपवू नये) आणि बी धुऊन लवकरात लवकर पेरावे, कारण ठेवलेल्या बियाची उगवणशक्ती झपाट्याने उतरते. कवच अतिशय टणक असते. आतल्या गराला धक्का न लावता ते हलकेच तडकवले तर उगवण सुधारते. दोन दगड आणि थोडा संयम असला की हे जमते. पैकी दगड खानदेशात मुबलक आहेत.

इथवर सगळे सोपे. अवघड प्रश्न आहे तो फळ कधी काढावे याचा, आणि माझ्या मते चारोळीची शेती म्हणजे एवढा एकच प्रश्न आहे. प्रचलित पद्धत अशी : फळ हिरवे असतानाच, शेजाऱ्याच्या आधी, जमल्यास फांदीसकट ओरबाडावे. असे करणारा माणूस मूर्ख नसतो. आपण थांबलो तर दुसरा थांबणार नाही, हा त्याचा हिशेब चोख असतो. फक्त त्या हिशेबात गर भरलेला नसतो, वजन कमी येते, तुटलेल्या फांदीचा पुढचा मोहोर जातो आणि कोवळे बी रुजत नाही. उलट झाडावर पिकलेले फळ माकडे, पाखरे आणि अस्वले खातात. अस्वलाच्या विष्ठेतून बी दूरवर जाऊन पडते, म्हणजे हा बिनपगारी, प्रवासभत्ता न मागणारा कृषिसहायक आहे. ज्यांना याबद्दल शंका असेल त्यांनी १९६९ साली जाहीर झालेले यावलचे अभयारण्य डोळ्यांसमोर आणावे. तिथल्या उतारांवर कुदळ घेऊन रोपे कुणी लावली? तेव्हा खाण्यासाठी लावायची की जनावरांसाठी, हा वादच खोटा आहे. त्यांचा वाटा ठेवला तरच आपल्या वाट्याला भरलेला दाणा येतो.

यावर आक्षेप येणार. केळी वर्षभरात पैसा देते, इथे दहा वर्षे कोण थांबतो? बरोबर आहे. म्हणून ही झाडे केळी काढून लावायची नाहीत, काहीच न पिकणाऱ्या बांधावर आणि बरडावर लावायची. घाई असलेल्यांनी कलम घ्यावे. गुजरातेत गोध्र्याजवळ वेजलपूरच्या फळबाग संशोधन केंद्राने ‘थार प्रिया’ हे चारोळीचे वाणही काढले आहे. अस्वल शेतात येईल, हा आक्षेप खरा आहे आणि तो थट्टेवारी नेण्यासारखा नाही. घराजवळ, पायवाटेवर किंवा पाणवठ्याच्या रस्त्यावर चारोळी लावू नये. लावायची तर जंगलाच्या कडेला लावावी आणि हंगामात तिकडे अंधारात जाऊ नये.

उरतो शेजारी. त्याच्यावर खत, पाणी, फवारणी यांपैकी कशाचाही परिणाम होत नाही. वनहक्क कायदा २००६ ने गौण वनोपजाची मालकी पिढ्यान्‌पिढ्या जंगलावर जगणाऱ्यांकडे मान्य केली आहे. त्या जोरावर ग्रामसभेने एक तारीख ठरवावी आणि तिच्याआधी कुणी झाडावर चढू नये. तारीख फळाचा रंग पाहून ठरवावी, व्यापाऱ्याचा टेम्पो पाहून नव्हे. पहिल्या वर्षी ती मोडली जाईल हे गृहीत धरून दंडही त्याच सभेत ठरवून ठेवावा, आणि तो सरपंचाच्या भाच्यालाही लागू आहे असे इतिवृत्तात स्पष्ट लिहून घ्यावे.