पाहिजेत : हरलेल्यांच्या आठवणी

बीजिंगची ‘चीन साहित्य-इतिहास प्रकाशन’ ही संस्था राजकीय सल्लागार परिषदेच्या अखत्यारीत येते. परिषदेचं काम सल्ला देणं. कोणता द्यायचा, ते कम्युनिस्ट पक्ष सांगतो.

संस्थेचं मूळ एका चहापानात आहे. 29 एप्रिल 1959 रोजी पंतप्रधान चाऊ एन लाय यांनी परिषदेतल्या साठी उलटलेल्या सदस्यांना बोलावलं. सरकारी चहा फुकट नसतो. 1898 पासून जे स्वतः अनुभवलं, पाहिलं, ऐकलं, ते लिहून द्या, असं फर्मान निघालं. नेमक्या त्याच सुमारास खेड्यापाड्यांत उपासमार सुरू झाली होती. पुढच्या दोन-अडीच वर्षांत कोट्यवधी माणसं गेली. तिन्ही कसोट्यांवर ही घटना चोख उतरत होती, पण आठवणी हव्या होत्या त्या जुन्या राजवटीच्या.

त्यासाठी कर्मचारीही जुन्या राजवटीचेच मिळाले. डिसेंबर 1959 मध्ये 33 ‘युद्धगुन्हेगारां’ना माफी मिळाली. त्यांतले काही 1961 मध्ये परिषदेच्या इतिहास विभागात कामाला लागले. त्यांत शेवटचा सम्राट पु यी होता. पूर्वानुभव : तीन वेळा गादीवरून पायउतार. पगार : महिना शंभर युआन. सहकारी तू यू-मिंग हे ह्वाय-हायच्या लढाईत पकडले गेलेले चँग कै-शेक यांचे सेनापती. आपण ती लढाई कशी हरलो, हे त्यांनी जिंकणाऱ्यांना सविस्तर लिहून दिलं. परीक्षेत नापास झालेल्याकडूनच उत्तरपत्रिका तपासून घेण्याचा हा प्रकार.

सम्राटाचं आत्मचरित्र मात्र 1964 मध्ये दुसऱ्याच सरकारी प्रकाशनाने काढलं : सार्वजनिक सुरक्षा मंत्रालयाच्या, म्हणजे पोलीस खात्याच्या. मूळ मजकूर कैदेतला कबुलीजबाब, तेव्हा प्रकाशक शोधायला फार लांब जावं लागलं नाही. पुढे लेखक कोण यावरून सम्राटाची विधवा आणि संपादक यांच्यात खटला रंगला. 1990 च्या दशकात कोर्टाने निकाल दिला : लेखक पु यीच. गादी गेली, पुस्तक राहिलं.

पण हरलेल्या सगळ्यांनाच अशी नोकरी लागत नाही. पक्षाचे सरचिटणीस झाओ झियांग 1989 मध्ये पदावरून गेले तेव्हा साठी उलटली होती; अनुभवलेलं, पाहिलेलं, ऐकलेलंही भरपूर होतं. त्यांच्याकडे कुणी आठवणी मागितल्या नाहीत. नजरकैदेत, मुलांच्या गाण्यांच्या आणि ऑपेराच्या कॅसेटींवर त्या त्यांनी चोरून बोलून ठेवल्या. 2005 मध्ये ते गेले. चिनी भाषेतलं त्यांचं पुस्तक 2009 मध्ये निघालं, तेही हाँगकाँगला.